मेलेल्याची नोंद

मेलेल्या प्रोसेसला पुन्हा मारता येत नाही. आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्या मुलांची सुरुवातीच्या महिन्यांत कधीतरी याच्याशी गाठ पडतेच. प्रोसेसच्या यादीत एक ओळ दिसते, तिच्यात ‘झेड’ हे अक्षर आणि शेवटी ‘डिफंक्ट’ असा शेरा. मुलगा ‘किल’ देतो. ओळ हलत नाही. मग ‘किल मायनस नाइन’ देतो. त्यापुढे काहीच टिकत नाही असं त्याला कॉलेजात शिकवलेलं असतं. ओळ तिथंच. तो येऊन म्हणतो, “मॅडम, मरतच नाहीये.” मी म्हणते, “मेलीये म्हणूनच मरत नाहीये. तिच्या आईकडे बघ.”

मी मूळची पाचोडची. पैठण तालुक्यात, धुळे-सोलापूर रस्त्यावर, मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. नोकरी पुण्यात, एका संशोधन संस्थेतला क्लस्टर सांभाळायची. क्लस्टर म्हणजे शेकडो संगणक जोडून त्यांच्याकडून एकच मोठं गणित करून घ्यायचं. पुण्याला हे नवं नाही. १९९१ साली डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकनं परम ८००० उभा केला तो याच तत्त्वावर, आणि पाषाणच्या हवामान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष बसला तोही याच वंशातला. माझ्या वाट्याला गणित येत नाही. कोणता नोड, म्हणजे त्यातला कोणता संगणक, जिवंत आहे, कोणती प्रोसेस अडकलीये, कुणाच्या मागं काय राहिलंय, हे बघणं माझं काम. थोडक्यात तलाठ्याचं.

या ‘झेड’चं असं आहे. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला जन्म देणारी दुसरी एक प्रोसेस असते. लेकरू संपलं की त्याची मेमरी परत घेतली जाते, उघड्या फाइली बंद होतात, प्रोसेसर दुसऱ्याला मिळतो. उरते फक्त एक नोंद: तिचा क्रमांक आणि ती कशी संपली याचा निकाल. काम पुरं करून गेली, की चूक होऊन पडली, की कुणी मारली. ही नोंद आईसाठी राखून ठेवलेली असते. गाभ्याकडून, म्हणजे कर्नलकडून, आईला निरोप जातो की तुझं लेकरू गेलं. आईनं ‘वेट’ म्हणून विचारायचं, निकाल घ्यायचा, मग ओळ पुसली जाते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या १९७१ च्या पहिल्या यूनिक्स पुस्तिकेतही ‘वेट’ आहे, इतकी ही गोष्ट मुळातली. आईनं विचारलंच नाही, तर ओळ राहते. तिला म्हणण्यासारखी ना मेमरी लागते ना वीज, ती काही मागत नाही. पण यादीतल्या जागा मोजक्याच असतात. अशा ओळी साचत गेल्या की एक दिवस नवी प्रोसेस जन्मालाच येऊ शकत नाही, आणि सगळा संगणक धडधाकट दिसत असताना ठप्प होतो.

मागच्या उन्हाळ्यात पाचोडला घरी असताना नेमकं हेच झालं. रात्री पुण्याहून फोन आला, की मुख्य नोडवर लॉगिन होत नाही. ओसरीत बसून मोबाइलच्या नेटवर कसंबसं आत शिरले तर यादीभर झेड, झेड, झेड, आणि प्रत्येकीच्या आईचा क्रमांक एकच. क्लस्टरची तब्येत मोजणारा एक लहानसा प्रोग्राम होता. तो दर मिनिटाला एक लेकरू सोडायचा, ते नोडला हाक मारून यायचं आणि संपायचं. बाप पुढच्याला सोडण्याच्या गडबडीत. मागे वळून बघायचं त्याला कुणी लिहूनच दिलं नव्हतं. गंमत म्हणजे दुसऱ्यांच्या मरणावर पाळत ठेवायला नेमलेला हा प्रोग्राम, आणि त्याच्याच घरात मेलेल्यांना विचारणारं कुणी नाही. मी त्या बापाला संपवलं. तो जाताच सगळ्या ओळी एक नंबरकडे वर्ग झाल्या आणि पापणी लवायच्या आत पुसल्या गेल्या.

हा एक नंबर म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी जन्मलेली प्रोसेस. हल्ली बहुतेक ठिकाणी तिचं नाव सिस्टमडी. पोरक्या झालेल्या प्रोसेस तिच्या ओटीत जातात, आणि त्यातलं कुणी मेलं की दखल घेणं हे तिचं कर्तव्य. कंटेनरांचा जमाना आला तेव्हा लोकांनी एक नंबरच्या जागी थेट आपला हुशार प्रोग्राम बसवला. त्याला हे काम येत नव्हतं, मढी साचू लागली. मग ‘टिनी’ नावाचा चिमुकला प्रोग्राम लिहिला गेला: निरोप पोचवायचे आणि मेलेल्यांची दखल घ्यायची, एवढंच त्याचं काम.

वडील शेजारीच बाजेवर होते. काय झालं विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडं बी कावळा शिवावा लागतो.”

आमच्याकडचा दहावा पैठणला गोदावरीवर होतो. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: पिंड मांडलेला, माणसं लांब उभी, कावळे झाडावर. कावळा येत नाही. मग कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, पोरीचं लग्न आम्ही लावू, काळजी करू नका. तरी येत नाही. मग आणखी काही कबूल करतात. शेवटी ऊन चढतं आणि गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. आमच्या भाषेत टाइमआउट. अनंत काळ कुणी वाट बघू शकत नाही, हे शास्त्रालाही ठाऊक आहे.

ज्या घरात दहा दिवस गरुडपुराण वाचतात त्याच घरात गीतेचा दुसरा अध्यायही म्हणतात, आणि दोन्हींचं म्हणणं एक नाही. गीतेचा आत्मा कुणाच्या दखलेवर अवलंबून नाही. त्याला ना शस्त्र तोडतं ना मागच्यांचं विस्मरण. जुनं टाकलं, नवं घेतलं, चालू लागला. गरुडपुराणातला प्रेतात्मा मात्र मागच्यांच्या हाताकडे डोळे लावून बसलेला. सपिंडीकरण होईपर्यंत तो धड इथला नाही, धड पितरांतला नाही. माझ्या वडिलांचा कल तिसरीकडे, चार्वाकाकडे. इथं वाढलेलं पान मेलेल्याला पोचत असेल तर गावाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची, हा चार्वाकाचा जुना सवाल ते प्रत्येक श्राद्धाला जेवता जेवता विचारतात.

मला वाटतं, चार्वाकाचा प्रश्न बरोबर आहे पण पत्ता चुकलाय. पान पोचवायला वाढलेलं नसतंच. लेकराच्या ओळीत जो निकाल राखलेला असतो त्याचा लेकराला काही उपयोग नसतो. तो आईनं घ्यायचा असतो, कारण त्यावर तिला पुढचं काही ठरवायचं असतं. घाटावर लांबून दिलेली वचनंही तशीच. मेलेला काय ठेवून गेला, कुणाचं देणं राहिलं, कुणाची पोर उजवायची राहिली, हे जिवंतांनी चारचौघांत मोठ्यानं म्हणून घ्यायचं. म्हणून मृत्यू ही एकट्याची घटना नव्हे, असं मी मानते. प्राण जातो तो त्याचा त्याचा. मरण पुरं होतं ते दुसऱ्या कुणीतरी “कळलं, मी घेतलं” म्हटल्यावर. हे सांत्वन नाही, कर्तव्य आहे, आणि ते चुकवलं तर भूत होऊन कुणी छळत नाही. फक्त नव्याला जागा उरत नाही.

आता हे कर्तव्य कुणाचं, हा प्रश्न आमच्या गावाला सोपा नाही. मयताची खबर गावोगाव पोचवणं, सरणाची लाकडं वाहणं, मेलेली ढोरं ओढून नेणं हे बलुतेदारीत जन्मानंच महारांवर लादलेलं काम होतं. तिकडे मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाच्या जाचाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक मांडलं. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे, पण काम तेच. संगणकात मरणाची दखल घेणारा सगळ्यात पहिला असतो. गावानं ते ज्यांच्याकडे दिलं त्यांना वेशीबाहेर ठेवलं. पैठणच्या नाथांची श्राद्धाची कथा मला म्हणून नेहमी फार धारदार वाटते. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाचा वास वाटेनं जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबाला आला आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. निमंत्रित ब्राह्मण रुसले. पानं पुन्हा मांडली, तर जेवायला पितर स्वतः आले म्हणतात. आले की नाही यात मला रस नाही. कथा सांगणाऱ्यांनी दखल घेण्याचा अधिकार कुणाच्या हातून काढून कुणाला दिला, ते बघण्यासारखं आहे.

इथवर एका संगणकाच्या आतलं झालं. तिथं एक सोय असते: मेलेला मेलाय हे गाभ्याला पक्कं ठाऊक असतं. क्लस्टरमध्ये तीही नाही. नोड वेगळे, मध्ये तारा. प्रत्येक नोड ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असं कळवत राहतो. कळवायचं थांबला, तर तो मेला? का तार तुटली? का तो कामात इतका बुडालाय की बोलायला सवड नाही? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी गणितानं दाखवून दिलं, की निरोपाला लागणाऱ्या वेळेला काही मर्यादाच नसेल आणि एखादा जरी मरण्याची शक्यता असेल, तर बाकीच्यांचं हमखास एकमत करून देणारी ठरीव पद्धत असूच शकत नाही. संथ आणि मेलेला यांत फरक करता येत नाही, हे त्याचं मूळ. पुढे १९९६ मध्ये तुषार चंद्रा आणि सॅम टूएग यांनी वाट काढली. मेला असं म्हणू नका, ‘संशय आहे’ म्हणा. संशय चुकला तर मागे घ्या. पुष्कळदा चुकणाराही शेवटी खरा ठरत गेला तर एकमताला पुरतो.

क्लस्टरवर कामं वाटून देणाऱ्या आमच्या स्लर्म प्रणालीत, काही बदललं नाही तर, वाट बघायचा हा काळ ३०० सेकंदांचा. तेवढ्यात नोड बोलला नाही की तो ‘डाउन’. माणसासाठी कायद्यानं सात वर्षं ठरवलीत: ज्यांना बातमी कळायला हवी होती त्यांना सात वर्षं ती कळली नाही, तर जिवंत आहे म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ आहे. धर्मशास्त्र त्याहून सबुरीचं. बारा वर्षं वाट बघा, मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या.

माझे चुलत आजोबा १९७२ च्या दुष्काळात गेले. गेले म्हणजे कामाला गेले. सगळीकडे खडी फोडणं चालू होतं, सरकारी सुकडी आणि लाल मिलोवर माणसं जगत होती, वर जायकवाडीच्या धरणाचं काम चाललेलं. पंचेचाळिशीचा माणूस, ‘दोन महिन्यांनी येतो’ म्हणून निघाला. सात वर्षं झाली, बारा झाली. सातबाऱ्यावर त्यांचं नाव तसंच, त्यामुळे वाटणी अडलेली. वडिलांनी वकील गाठला. कोर्टातून मृत घोषित करून आणू, अर्जावर त्यांच्या बायकोचा, म्हणजे चुलत आजीचा, अंगठा हवा. आजी कपाळाला मोठं कुंकू लावून चुलीपुढं बसलेली. म्हणाली, “म्या अंगठा लावायचा अन् त्यांनी मरायचं, व्हय?”

वडील तेव्हा हसले होते. मला तिचं म्हणणं कळलं ते क्लस्टरमध्ये फेन्सिंग शिकल्यावर. दोन नोड एकाच डिस्कवर लिहीत असतात. एक गप्प झाला. दुसऱ्यानं त्याला मेलेला धरून त्याचं काम हाती घेतलं, आणि तो मेलेला नसलाच, तर दोघं एकाच जागेवर लिहितील आणि सगळा डेटा नासेल. म्हणून हाती घेण्याआधी गप्प झालेल्याची वीज तोडतात. तो जिवंत होता की नाही हे शोधत बसत नाहीत. खात्री नसते, म्हणून खात्री घडवून आणतात. आजीनं नेमकं हेच ओळखलं होतं: काही घोषणा बातमी सांगत नाहीत, त्या बातमी खरी करतात.

पाचोडहून आपेगाव लांब नाही. विठ्ठलपंतांचं गाव. त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. संन्यास घेणारा आधी स्वतःचंच श्राद्ध करतो. घर, शेत, नातं यांच्या लेखी तो मेला. मग गुरूच्या आज्ञेवरून ते परत आले आणि संसार केला. नोंदीत मेलेला माणूस घरात चालतोय, त्याला चार मुलं झालीयेत. ब्रह्मवृंदानं त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, असं परंपरा सांगते. दुष्टपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या ब्रह्मवृंदाची भीती मला आतून ठाऊक आहे: एकच माणूस दोन खात्यांत, कुणाचा वारसा, कुणाचं सुतक, सगळी वही नासणार. त्यांनी वीज तोडली. नोंद खरी करण्यासाठी माणूस संपवला. यंत्रात मी रोज हा निर्णय बिनघोर घेते, कारण नोडला पुन्हा चालू करता येतं. माणसाच्या बाबतीत वहीच दुरुस्त करायची असते.

उत्तर प्रदेशात आझमगढच्या लाल बिहारींना १९७५ मध्ये महसुली कागदांवर मृत दाखवलं गेलं. नावापुढे ‘मृतक’ लावून ते १९९४ पर्यंत लढले, तेव्हा वही दुरुस्त झाली. विठ्ठलपंतांच्या मुलांचा पेच त्याहून अवघड होता. बापाच्या मरणाची नोंद आधीची, त्यांचा जन्म नंतरचा. लिनक्समध्ये हे घडूच शकत नाही. पैठणच्या सभेपुढं मात्र ही चार भावंडं येऊन उभी राहिली, आणि परंपरेप्रमाणे तिनं त्यांना शुद्धिपत्र दिलं. पुढे नेवाशाला शके १२१२ मध्ये त्यांच्यातल्या एकानं काय केलं ते सर्वांना माहीत आहे.

मेलेला धरलेला परत आला तर काय करायचं, यासाठी स्लर्ममध्ये एक सेटिंग असतं, ‘रिटर्न टू सर्व्हिस’. शून्य ठेवलं तर ‘डाउन’ झालेला नोड परत आला तरी मी हातानं घेईपर्यंत बाहेरच. एक ठेवलं तर नुसताच गप्प होता म्हणून ‘डाउन’ केलेला नोड, सगळं जागच्या जागी असेल, तर आपोआप आत. मध्येच कुणी न सांगता बंद होऊन चालू झाला असेल तर थांब. दोन ठेवलं तर ‘डाउन’ कशानंही झालेला असो, सगळं जागच्या जागी असलं की घ्या. आमच्या सोबतचा एकजण शून्याच्या बाजूचा, वाद घालतो. मी एकवर ठेवते. गप्प राहणं हा गुन्हा नाही, एवढं तरी सेटिंगमध्ये असावं.

आजी २०११ साली गेली. तिरडीवर हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट. न्हाऊ घालताना कुणीतरी कुजबुजलं, हे बरोबर का. आत्यानं मान वर न करता चुडा भरला. तेव्हापासून भाद्रपदात आमच्याकडे तिची अविधवा नवमी होते. नवरा असेपर्यंतच ती करायची, तो गेल्यावर थांबवायची, अशी घरची रीत. चुलत आजोबा आज असते तर शंभरीला टेकले असते. गेल्या वर्षी गुरुजींनी पानावर बसता बसता विचारलं, “आता थांबवायचं का? सर्वपित्रीला दोघांचं एकत्र करू, तिथी माहीत नसली तरी चालतं.” वडील, इतके चार्वाक, म्हणाले, “चालतं की. ते गेले म्हणून तेवढं लिहून द्या तुम्ही, सही करून. मग थांबवू.” गुरुजींनी पाणी सोडायला घेतलं.